मागच्या सीटवरचा क्रेट

आमच्या घरमालकांकडे दोघांना बसता येईल अशी कयाक होती. पुढच्या सीटवर ते बसत आणि मागच्या सीटवर दुधाचा क्रेट बसे. क्रेटला पट्ट्याने नीट बांधलेलं असे, त्याच्या पाठीशी उशी असे, आणि ऊन फार झालं तर त्याच्यावर ओला टॉवेलही पडे. "माझ्या जागेवर तो बसतोय बघ," काकू मला म्हणायच्या. "लग्न माझ्याशी केलंय आणि फिरायला त्याला नेतात."

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, उथळ होडी. ही प्लॅस्टिकची होती आणि पिवळीधमक होती. बंगळूरच्या जे. पी. नगरात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले तेव्हा ती खाली गाडीच्या जागेत दोन स्टुलांवर विराजमान होती आणि गाडी बाहेर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली, पक्ष्यांच्या कृपेने हळूहळू पांढरी होत चालली होती. मी पुण्याहून नवीनच आले होते. इथे पाऊस जास्त झाला की रस्त्यांतून होड्या फिरतात असं ऐकून होते, म्हणून मला वाटलं, दूरदृष्टीचे गृहस्थ दिसतात.

काका मूळचे निपाणीचे. इथल्या एका कारखान्यात सगळी नोकरी स्टोअर्समध्ये गेली, म्हणजे पाने, पकडी, नटबोल्ट सांभाळण्यात आणि मागायला आलेल्या माणसाकडे संशयाने बघण्यात. निवृत्त झाल्यावर स्टोअर्स सुटलं, पण स्वभाव कुठे जाणार? त्यांनी तो कयाकवर चढवला. लोकांना मासे धरायला आवडतं आणि त्यासाठी ते सामान लावून ठेवतात. काकांना सामान लावायला आवडायचं आणि त्यासाठी ते मासे धरत. धरत म्हणजे काय, कधीमधी धरत आणि लगेच सोडून देत. घर पक्कं शाकाहारी. इथल्या तळ्यांत मिळणाऱ्या एका माशाला जिलेबी म्हणतात. काकांनी तेवढं नावही देवघराच्या बाजूला तोंड करून कधी घेतलं नाही.

त्या क्रेटचं वर्णन करायलाच हवं, नाहीतर काकांवर अन्याय होईल. क्रेटच्या पाठीला प्लंबरच्या पाइपचे तीन तुकडे उभे आवळलेले, त्यांत मासेमारीच्या काठ्या खोचायच्या. बाजूला जाळी. आत एकावर एक डबे. पक्कड, कात्री, चाकू या मंडळींना जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची वेटोळ्याची वायर बांधलेली, म्हणजे हातातून सुटलं तरी पाण्यात न जाता परत घरी येतं. या वायरींसाठी काका ओळखीच्या प्रत्येक घरातले बंद पडलेले फोन मागून आणत. माणसं नवा मोबाइल दाखवायची आणि काका विचारायचे, "जुन्याचं काय केलास?"

आणि सगळ्यांत वर, हाताला पहिला लागेल असा, काकूंचा मिसळणाचा डबा. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. बसवनगुडीतल्या भांड्यांच्या दुकानातून काकूंनी तो लग्नानंतर पहिल्यांदा स्वतः निवडून आणला होता आणि काकांनी एका सकाळी तो न विचारता कामावर रुजू करून घेतला. फोडणीच्या जागी गळ आले. काकूंना नवा डबा आणून दिला, पण त्याचं झाकण सैल होतं आणि हे सैल झाकण संसारात पुढे बरीच वर्षं वाजत राहिलं.

दर रविवारी सकाळी काका टोपी आणि तरंगायचं जाकीट घालून कयाकमध्ये बसत. पाण्यात नव्हे, स्टुलांवर. समोर बघत बसायचं आणि मान न वळवता हात मागे टाकायचा. पक्कड. परत ठेवायची. गळ. परत ठेवायचा. वस्तू हाताला पहिल्या झटक्यात लागली नाही तर खाली उतरून तिची जागा दोन बोटं इकडेतिकडे करायची आणि पुन्हा वर चढायचं. फाटकाशी गाडी लावणारा भाजीवाला दर वेळी तेच विचारी, "नीरु एल्ली, अण्णा?" म्हणजे पाणी कुठंय. काका समोर बघतच सांगत, "आमेले." म्हणजे नंतर.

"काका, पाण्यावर बघून घेतलं तर नाही का चालणार?" मी एकदा विचारलं.

"मासा गळाला लागलेला असताना तू मागं वळून शोधत बसणार? शोधणं म्हणजे काम नव्हे बघ. कामाला झालेला उशीर आहे तो."

"मग कुणाला तरी मागे बसवा. तो देईल."

यावर त्यांनी मान वळवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "वस्तू मागावी लागली की व्यवस्था हरली," ते म्हणाले. "आयुष्यभर काउंटरच्या आत बसलोय मी. मागणाऱ्यांचे चेहरे बघितलेत. पाण्यावर तरी आपण कुणाकडं मागायला नको."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. त्यांची बाकीची वाक्यंही मी तिथेच नेत असे. एकदा मी वर स्कूटरची किल्ली शोधत होते तर काका जिना चढून दारात हजर. म्हणाले, "किल्ली काय?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं. "शोधणाऱ्याची पावलं वेगळी पडतात. खाली ऐकू येतंय की." मग त्यांनी माझ्या दारामागे एक खिळा मारून दिला, ओळंबा लावून, एका किल्लीसाठी. त्या खिळ्याची उंची माझ्या खांद्याशी मापून घेतली होती. "पुण्यात सगळं जागच्या जागी असतं म्हणालीस ना तू? मग ही किल्ली कुठली, मुंबईची?" किल्ली पुढे त्या खिळ्यावरच राहिली. मला कधी ऑफिसला उशीर झाला तर तो रहदारीमुळे.

खरं पाणी देवनहळ्ळीच्या पुढे होतं. काकांच्या ओळखीच्या एकांचा तिकडे द्राक्षांचा मळा होता. आजूबाजूच्या मळ्यांचे प्लॉट पडत चालले होते, पण या मळ्यालगतचं तळं अजून शाबूत होतं आणि मालकांनी काकांना तिथे यायची मोकळीक दिली होती. जे. पी. नगर शहराच्या एका टोकाला आणि देवनहळ्ळी दुसऱ्या. टपावर कयाक बांधून, तिच्या शेपटाला लाल फडकं लावून, सगळं बंगळूर आडवं पार करायचं. सिग्नलला लोक फोटो काढत. एक रिक्षावाला खिडकीजवळ येऊन म्हणाला, "अण्णा, हेब्बाळच्या पुलाला यातनंच जावा, लवकर पोचाल." काकांनी त्याला गंभीरपणे सांगितलं की उलट्या प्रवाहात वेग मिळत नाही.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. काकू चटणी-दशम्या घेऊन मागे बसल्या होत्या. निघण्यापूर्वी काकांची अखेरची फेरी होई. घराभोवती एक चक्कर मारायची आणि जी वस्तू जागेवर नसेल ती जागेवर ठेवायची. त्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही.

तळ्यावर पोहोचलो. कयाक उतरवली, क्रेटला बसवलं, पट्टा आवळला. काका पुढे बसले, टोपी सारखी केली, समोर क्षितिजाकडे पाहिलं आणि डावा-उजवा असे दोन्ही हात वल्हं घ्यायला पसरले. हात पसरलेलेच राहिले.

वल्हं घरी होतं. ते काकांनी सकाळी खाली आणून गाडीला टेकवून ठेवलं होतं. मग अखेरच्या फेरीत त्यांना एक वल्हं नको तिथे टेकलेलं दिसलं, आणि त्यांनी ते उचलून भिंतीवरच्या त्याच्या खुंटीला परत लावलं.

काकांनी पसरलेले हात हळूहळू मांडीवर घेतले. मग काकूंनी काठावरून मऊ आवाजात विचारलं, "अहो, सगळं जागेवर हाय न्हवं?"

"आहे," काका म्हणाले. "वल्हंसुद्धा जागेवरच आहे."

त्या दिवशी मळ्याच्या मालकांनी एक लांब दोर आणून दिला. कयाक चिंचेच्या झाडाला बांधली आणि काकांनी शेळी चरते तेवढ्या वर्तुळात मासेमारी केली. काकू हसून हसून दशमी खाऊ शकल्या नाहीत. काका मात्र शांत होते. त्यांच्या मते व्यवस्थेत चूक नव्हतीच, व्यवस्था फार चांगली चालली होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी काकांच्या हातातून चहाचा कप निसटला. तो उचलायला ते हात पुढे करू गेले तर हात गेलाच नाही. अर्धांगाचा झटका. दवाखान्यात राहून घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय जरा ओढत पण चालत होता, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. भेटायला येणारे चेहरे पाडून बसायचे. काकाच त्यांची समजूत घालत. "हात स्टॉकला आहे," ते सांगायचे. "इश्यू होत नाही, इतकंच."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी डाव्या हाताने उजव्या मुठीत ठेवला आणि तिला विचारलं, व्यायाम झाल्यावर चेंडूची जागा कुठली. तिने सांगितलं, कुठेही ठेवा. काकांचा तिच्यावरचा विश्वास तिथेच उडाला.

जरा बरं वाटायला लागल्यावर ते थेट कयाककडे गेले. आता सगळं डाव्या हाताला यायला हवं होतं. पाइप डावीकडे, जाळी डावीकडे, पक्कड डावीकडे, डबा डावीकडे. मी संध्याकाळी स्क्रू आवळायला जायची. ते खुर्चीवर बसून मला सांगत, "स्वल्प खाली. स्वल्प. आता जास्त झालं." सगळा भार एका अंगाला आल्यावर कयाक स्टुलांवरून हळूच कलंडली आणि काकूंच्या तुळशीच्या कुंडीत तोंड घालून पडली. काका म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक आहे, आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली.

पण खरी अडचण सामानाची नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. एका हाताने वल्हं मारता येत नाही. काकांना पाण्यावर जायचं तर मागे कुणीतरी बसायला हवं. आणि मागे क्रेट होता.

शेवटी मीच विषय काढला. "काका, मी येते मागे. क्रेट काठावर ठेवू."

"आणि गळ लागला तर?"

"मागा माझ्याकडे. मी देईन."

"तुला कुठला हवा ते कळणार काय? मग मी सांगणार, तू शोधणार, मी परत सांगणार." त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "जेवताना पाणी मागतोय. सदऱ्याची बटणं लावायला मागतोय. तेवढं बास झालं गं. पाण्यावर बेडा, नको."

त्यांनी ते चिडून म्हटलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले आणि मला वाईट वाटलं. या माणसाला पुन्हा तळ्यावर जायची किती ओढ आहे ते मी रोज बघत होते आणि त्याची वाट त्याच्याच वाक्याने अडवली होती.

मग ते कयाकपाशी जाईनासे झाले. तिच्यावर जुनी चादर पडली. भाजीवाल्याने पाणी कुठंय विचारलं तर काका फाटकातून आत निघून गेले. एका गुरुवारी जेवताना त्यांनी काकूंना सांगितलं की मळ्याच्या मालकांना फोन केलाय, रविवारी टेम्पो पाठवतील, कयाक घेऊन जातील. तिथं पडली तर कुणी वापरेल तरी. काकूंनी ताटात भात वाढला, आणि नंतर मला जिन्यात गाठून विचारलं, "हे वल्हं कुठल्या हातानं फिरवायचं असतंय?"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर कपडे वाळत घालायच्या काठीला काम वाढलं. काकू पाण्याच्या टाकीशेजारी पाटावर बसून हवेत वल्हं मारायच्या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी मोबाइलवर बघून त्यांना सूचना द्यायची आणि त्या त्यांतल्या निम्म्या उडवून लावायच्या. निपाणीकडच्या माहेरी नदी होती म्हणे, आणि लहानपणी त्यांनी गूळ आटवायच्या काहिलीत बसून पूर बघितला होता. एवढ्या अनुभवावर त्यांचा आत्मविश्वास दांडगा होता.

शनिवारी संध्याकाळी काका काठी टेकत फिरून आले तेव्हा चादर घडी करून ठेवलेली होती, क्रेट रिकामा होऊन पायरीवर होता, आणि कयाकच्या मागच्या सीटवर काकू बसल्या होत्या. नऊवारी नव्हे, पण साडी घट्ट खोचलेली, वर काकांचं जुनं जाकीट. मांडीवर मिसळणाचा डबा, शेजारी पक्कड. मी जिन्यात उभी होते. खोटं कशाला बोलू, मुद्दामच उभी होते.

"हे काय?" काका म्हणाले.

"बसा पुढं."

"क्रेट?"

"त्याला रजा दिलीय. बसा की."

मी हात धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. सवयीने त्यांनी समोर पाहिलं. मग डावा हात मागे नेला, काही न बोलता. मला कळलं, ते परीक्षा घेत होते. काकूंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झाकण काढलं, बोटं घातली आणि त्यांच्या तळव्यावर एक बारका गळ ठेवला.

काकांनी तो पाहिला. "बारकाच हवा हे कुणी सांगितलं?"

"गळांतला तुम्ही सगळ्याआधी तोच घेता. दर रविवारी बघतोय न्हवं खिडकीतनं. मोहरीच्या जागी बारके. जिऱ्याच्या जागी त्यापेक्षा मोठे. हळदीत शिसं. तिखटाच्या वाटीत त्या गोल कड्या. हिंगाच्या बारक्या वाटीत काय ठेवलाय ते मात्र कळत नाही, पण हाय तिथंच हाय." काकूंनी झाकण लावलं. ते घट्ट बसल्याचा आवाज आला. "डबा माझा, जागा माझ्या. तुम्ही नुस्तं सामान बदललासा."

काकांनी पुन्हा तळव्यावरच्या गळाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या व्यवस्थेला ते स्वतःची म्हणत होते ती मुळात स्वयंपाकघराची होती, हे पचायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी पुन्हा हात मागे केला. काकूंनी पक्कड दिली.

"दांडा माझ्याकडं पाहिजे," काका म्हणाले.

"सरी," काकू म्हणाल्या आणि पक्कड फिरवून दिली.

रविवारी टेम्पो आला तो रिकामा परत गेला. कयाक टपावर बांधून, मी गाडी चालवत, आम्ही त्याच्या पाठोपाठ निघालो. निघताना काका अखेरच्या फेरीला वळले तशा काकू म्हणाल्या, "वल्हं माझ्या मांडीवर हाय. तिथनं उचलायला येऊ नका." मळ्याचे मालक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी दोघांना ढकललं. पहिली काही मिनिटं कयाक एका जागी घाण्याच्या बैलासारखी फिरली. काका दर फेरीला आमच्यासमोरून जात होते, ताठ बसलेले, समोर बघत, जणू असंच ठरलं होतं. मग काकूंना लय सापडली आणि ती पिवळी कयाक सरळ तळ्याच्या आत गेली.

मी काठावरून बघत होते. मध्ये एकदा काठीचं टोक वाकलं. क्रेटवरचा एक पाइप आता काकांच्या सीटला डावीकडे आवळला होता; काकांनी काठी त्यात खोचली आणि मोकळा झालेला हात मागे केला. तोंडातून शब्द नाही, मान वळली नाही. हात पूर्ण मागे जाण्याआधीच काकूंनी त्यात पक्कड ठेवली होती, दांडा त्यांच्याकडे करून. मासा सोडला गेला. मला माझं रडू आवरेना, आणि शेजारी मळ्याचे मालक मला कन्नडात समजावत होते की काळजी करू नका, तळं खोल नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "काय काका, मागावं लागलं का?"

"नाही लागलं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "क्रेट बरा होता पण. मध्येमध्ये सल्ला देत नव्हता."

आता मी पुण्यात परत आले आहे. माझी किल्ली कुठे असते ते विचारू नका. बंगळूरहून निघण्याआधी काही दिवस, एका संध्याकाळी खाली हातोडीचे ठोके ऐकू आले, आणि मध्येच काकूंची एक किंकाळी. मी धावत गेले. भिंतीवर वल्ह्याच्या खुंटीशेजारी एक नवा खिळा होता आणि त्याला काकूंची उन्हाची टोपी अडकवलेली होती. काकांनी तो डाव्या हाताने मारला होता. एका हाताने खिळाही धरून मारणं कसं जमणार, म्हणून तो काकूंनी धरला होता. त्या अंगठा तोंडात घालून उभ्या होत्या. त्या सबंध घरात ओळंब्याशिवाय बसलेला तेवढा एकच खिळा होता, चांगला तिरका.

"वाकडा बसलाय, काका," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक करून खिळ्याकडे पाहिलं, मग काकूंच्या अंगठ्याकडे.

"असू दे," ते म्हणाले. "जागेवर आहे."